उकिडवं

बालहृदयरोग विभागात
चाळिशी ओलांडलेला मी एकटाच.
भिंतीवर जिराफ, हत्ती, टोपी घातलेलं माकड,
खुर्च्या अशा की गुडघे हनुवटीला लागतात.
जन्मापासूनचं दुखणं असलेल्यांचा डॉक्टर इथंच बसतो,
शीबा सिस्टर सांगते.
तुम्ही लोक मोठे व्हाल, हे
इमारत बांधताना कुणाच्या ध्यानात आलं नाही.
ती हसली. मीही हसलो.

बरकाहून पहाटे निघालो, शेअर टॅक्सीनं मस्कतला.
फोरमनला सांगितलंय: दात.
समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर
मी व्हॉल्व्ह बघतो,
पुढं जाऊ देणारे, मागं न फिरू देणारे.
त्यांच्या पाकळ्यांवर मीठ चढतं,
मग पाणी थोडं पुढं, थोडं मागं,
आणि पंप बिचारा उगाच शिणतो.
गेल्या खेपेला डॉक्टर माझ्या उजव्या कप्प्याबद्दल बोलू लागले
तेव्हा अर्धं मला ठाऊकच होतं.
नवा बसवू, म्हणाले, गाईचा असतो.
मला आमची तांबू आठवली.
तिनं एकदा शिंग मारलं होतं, बरोबर तिथंच.

सहाव्या वर्षी परळला शिवलं मला.
भोक बुजवलं, अरुंद वाट रुंद केली.
बाबा गावभर सांगत फिरले, झिल बरो झालो.
तो शब्द पस्तीस वर्षं टिकला.
तसा पुष्कळ टिकला.
व्हिसाच्या मेडिकलला एक्स-रेवाल्यानं विचारलं,
छातीत या तारा कसल्या?
मधल्या हाडावर, गाठी मारलेल्या, सहा.
म्हटलं, कुंपण आहे, लहानपणीचं.
त्याला कळलं नसावं. शिक्का मारला.

समोर एक बाई, फाइल छातीशी धरून.
तिची पोर, पाचेक वर्षांची, शम्सा,
ईदचा असावा असा पिवळा झगा,
माशांच्या पेटीकडे पळत गेली
आणि परतताना
कॉरिडॉरच्या मधोमध
उकिडवी बसली.

आई ओरडली. झगा, फरशी, माणसं.
माझी अरबी प्लांटपुरती,
पण हे ओरडणं मला येतं.
शाळेच्या वाटेवर, घाटीच्या तिसऱ्या वळणाला
मी असाच बसायचो,
गुडघे पोटाशी, मान खाली,
आणि पुढून बाबा: मेल्या, उभो रव, नाटकां करू नको.
पोरं म्हणायची, मार्गशीर्षात जांभळं कुठं गावली रे तुला?
कुणी शिकवलं नव्हतं बसायला.
असं दुमडलं की रक्त फुप्फुसाची वाट धरतं
आणि ओठांवरची शाई जरा उतरते,
हे डॉक्टरांच्या आधी
गुडघ्यांना कळलेलं असतं.

शम्साची नखं तशीच.
मी उठलो. खल्लीहा, म्हटलं. राहू दे तिला.
पुढचं काही जुळवता येईना,
तेव्हा जाऊन तिच्याशेजारी
मीच बसलो, उकिडवा.
गुडघे कडकडले. कागद सांभाळत एक वॉर्डबॉय
आम्हाला वळसा घालून गेला.
तिनं पाहिलं माझ्याकडे:
एवढा मोठा माणूस, असा?
मी शर्टाचं वरचं बटण काढलं,
रेघेचं टोक दाखवलं.
तिनं बोट लावलं. गार होतं.

आई आता ओरडत नव्हती.
बोटांनीच विचारलं तिनं, किती? किती वर्षं?
मी दोन्ही पंजे उघडले, मिटले,
चार वेळा,
मग एक बोट.
तिचे ओठ मोजत होते.
पुन्हा, म्हणाली.
मी पुन्हा दाखवलं, सावकाश,
एकही पंजा न गाळता.

गळतीला अरबीत काय म्हणतात ते मला येतं,
दिवसातून दहादा वापरतो.
तेवढा एक शब्द
मी तोंडातच ठेवला.
शीबा सिस्टरनं हाक मारली, मोरेशर, मोरेशर पेडनेकार,
आणि उठताना
पोरीनं माझा हात धरला
की मी तिचा,
ते लक्षात नाही.